पर्जन्यवन आपल्या घाटात पण आहे, मुलांना ते दाखवा ना

आमच्या सावंतवाडीतल्या कुठल्याही मुलाला विचारा पर्जन्यवन कुठे असतं, तो पटकन ॲमेझॉन म्हणणार. दुसरा एखादा काँगो म्हणेल. आंबोली कुणीच म्हणत नाही, जी इथून तीसेक किलोमीटरवर आहे आणि जिथे हीच मुलं दर पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला आणि भाजलेली कणसं खायला जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पुस्तकात ॲनाकोंडाचा फोटो असतो म्हणून तो लक्षात राहतो, आणि दारातलं जंगल मात्र नुसतं "रान" होऊन राहतं. सुट्टीच्या दिवशी भाचरं आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींची फौज घेऊन मी रानात जाते (आता ती सगळीच मला आत्या म्हणतात), तेव्हा त्यांना जे सांगते ते एकदा इथे लिहून काढतेय. कुणाला वर्गात किंवा घरी वापरायचं असेल तर खुशाल वापरा.

सगळ्यात आधी पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटाच्या भिंतीला अडतात, वर चढतात, वर गेले की गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. पुणे शहरात वर्षभरात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आंबोलीत साधारण ७००० मिलिमीटर. म्हणजे दहापट! हे मी मुलांना जमिनीवर काठीने दाखवते, पुण्याची रेघ गुडघ्याच्या वर आणि आंबोलीची रेघ दुमजली घराएवढी, मग त्यांचे डोळे मोठे होतात. पण ॲमेझॉनमध्ये वर्षभर थोडाथोडा पाऊस चालूच असतो आणि आपल्याकडे मात्र चार महिने धो धो आणि पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे, हा फरक सांगायलाच हवा. जसजसं दक्षिणेला केरळकडे जाल तसे कोरडे महिने कमी होत जातात आणि झाडं उंच होत जातात. आपल्याकडे खरं सदाहरित, म्हणजे बारा महिने हिरवं, जंगल टिकतं ते जिथे दरीत धुकं साचतं, ओढा उशिरापर्यंत वाहतो, अशा जागी. बाकी ठिकाणी निमसदाहरित, म्हणजे काही झाडं पानं गाळतात, काही नाही. आंबोली, तिळारी, दोडामार्गचा पट्टा, राधानगरी, कोयना-चांदोली, भीमाशंकर, गोव्यात सत्तरी आणि म्हादईचं खोरं, ही सगळी त्याच माळेतली ठिकाणं. सगळा पश्चिम घाट साधारण १६०० किलोमीटर लांब, सहा राज्यांतून जातो, आणि त्यातल्या ३९ जागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, आपल्याकडचं कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यात आहे.

आत शिरल्यावर मुलं पहिलं काय म्हणतात माहितीय? "आत्या, अंधार पडला." सकाळचे अकरा वाजलेले असतात! वरच्या पानांचं छत एवढं दाट असतं की उन्हाचा फक्त एक-दोन टक्के भाग खाली जमिनीपर्यंत पोचतो. तेव्हा मी सगळ्यांना मान वर करून गप्प उभं राहायला सांगते आणि विचारते की वर कोण राहत असेल, मध्ये कोण, खाली कोण. एखादं झाड छताच्याही वर डोकं काढून उभं असतं, त्याच्या खाली मुख्य छत, तिथे शेकरूचं, म्हणजे मोठ्या रानखारीचं, घरटं. शेकरू जमिनीवर फारसं उतरतच नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर सहा-सहा मीटर उडी मारतं, त्यामुळे छत जिथे तुटतं तिथे शेकरूची वाट पण तुटते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे तो, आणि भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः त्याच्यासाठीच झालं. त्याखाली मधली बुटकी झाडं, अंजनी वगैरे, आणि गारंबीसारख्या वेली, ज्यांचे खोडासारखे जाड वेढे बघून पोरांना झोका घ्यायची हुक्की येते (घेऊ देऊ नका, वेल वर नाजूक फांद्यांना धरून असते). आणि तळाला नेचे, रानहळद, मोठमोठी पानं, कारण उजेड कमी म्हणून पान रुंद.

पानं हातात घेऊन बघायला सांगा. खूपशा पानांचं टोक लांब, शेपटीसारखं असतं. पाणी त्या टोकावरून गळून जातं, पान लवकर कोरडं होतं, नाहीतर चार महिने ओल्या पानावर शेवाळ आणि बुरशी चढून उजेड अडला असता. काही मोठ्या झाडांची मुळं बुंध्यापासून पाखांसारखी बाहेर आलेली असतात, कारण माती फार खोल नाही, मग एवढं उंच झाड वाऱ्यात उभं राहणार कसं? आणि फांद्यांवर वाढणाऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड. बऱ्याच घरांत त्यांना सरसकट बांडगूळ म्हणून उपटून टाकतात. बांडगूळ वेगळं, ते झाडातला रस ओढतं. आमरी फक्त बसायला जागा घेते, पाणी पावसाचं आणि धुक्याचं. मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुललेली दाखवलीत ना एकदा, की मूल ती उपटणार नाही, आणि दुसऱ्याला पण उपटू देणार नाही.

आता माती, माझा सगळ्यात आवडता भाग. सगळ्यांना वाटतं एवढं हिरवंगार जंगल आहे म्हणजे खाली माती किती सकस असेल. तसं नाहीये. आपल्याकडे खाली जांभा, वर पातळशी माती, आणि चार महिने एवढं पाणी वाहतं की मातीतली खतं धुऊन जातात. मग झाडं जगतात कशावर? पडलेल्या पानांवर. पालापाचोळ्याचा वरचा थर हळूच उचलला की खाली पांढरे दोरे दिसतात, ती बुरशी, ती पान कुजवते आणि त्यातला माल लगेच मुळांना मिळतो, वाळवी आणि गोम, पैसा (वेटोळं करून बसणारा तो किडा), गांडुळं सगळी त्याच कामात. ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यात फिरतो आणि बँकेत शिल्लक काही नसते तसं हे घर आहे. सगळी संपत्ती जिवंत झाडांत आणि कुजणाऱ्या पानांत, जमिनीत साठा जवळपास नाही. म्हणून जंगल तोडून तिथे शेती केली की पहिली एक-दोन वर्षं पीक झकास येतं आणि मग जमीन बसते, कारण पगार आणणारेच गेले.

याच पाल्यात देवगांडूळ असतं, दिसायला गांडूळ पण ते बेडकाच्या नात्यातलं, पाठीचा कणा असलेलं. आंबोलीतूनच त्याची एक जात २००३ मध्ये शास्त्राला नव्याने कळली. पावसाळ्यात रात्री टॉर्च बंद करून दोन-पाच मिनिटं थांबलात आणि नशीब असेल तर कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसतो, ती चमकणारी बुरशी. ते बघायला आता खूप गर्दी होते आणि लोक काटक्या उचलून घरी नेतात, कृपा करून असं करू नका, बुरशी सुकून मरते आणि काटकी तिथल्या मातीला हवी असते.

मुलांना झाडांची नावं पाठ करायला लावू नका हो. त्यांना विचारा याचं कोणाशी जमतं. कारण माझ्या मते जंगल म्हणजे ही देवाणघेवाणच आहे, आणि ती कळली की वाचवायचं काय ते आपोआप कळतं.

उंबर घ्या. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात ते खरंच आहे, कारण फुलं त्या फळाच्या पोटात असतात, शेकड्यांनी. त्याला एक बारीकसं भोक असतं. सुईच्या टोकाएवढी एक गांधीलमाशीची जात, मादी, त्या भोकातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, ती बरोबर आणलेले परागकण आतल्या फुलांना देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आत वाढतात. नर पिल्लांना पंख नसतात, ते बाहेरच्या जगात जायचेच नसतात, ते मादीला बाहेर पडायला बोगदा खणून देतात. मादी अंगाला पराग लावून उडते आणि दुसरं उंबराचं झाड शोधते, आणि तेही फक्त थोड्या दिवसांत, कारण तिचं आयुष्यच तेवढं. उंबराला ती नसेल तर बी नाही, तिला उंबर नसेल तर घर नाही. आणि एका रानातली सगळी उंबरं, वड, पिंपरी एकाच वेळी फळत नाहीत, कोणी आत्ता, कोणी दोन महिन्यांनी, त्यामुळे बाकी फळं संपलेली असतात तेव्हाही माकडं, वटवाघळं, हरियाल, शेकरू यांना कुठेतरी खायला मिळतं. एक उंबर तोडलं तर किती जणांचं ताट जातं याचा हिशोब मुलांनाच करायला सांगा. माझ्या भाचीने केला होता, वहीचं पान भरलं.

दुसरी जोडी धनेश पक्ष्याची आणि रानजायफळाची. धनेशाला आमच्याकडे ककणेर पण म्हणतात. मोठी चोच, उडताना पंखांचा असा आवाज येतो की मुलं दचकून वर बघतात. धनेशाला घरट्यासाठी मोठी ढोली लागते आणि तो सुतारासारखा स्वतः ढोली कोरत नाही, त्यामुळे बेहडा, आंबा असलं जुनं, जाड, थोडं पोखरलेलं झाडच हवं. मादी आत बसते, विष्ठा आणि मातीने दार लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते, आणि पुढचे दोन-तीन महिने नर बाहेरून फळं आणून भरवतो. त्या काळात नराला कोणी मारलं तर आतल्या मादीचे आणि पिल्लांचे हाल काय होतील ते मुलांना सांगावं लागत नाही. मोबदल्यात धनेश काय देतो? रानजायफळासारखं मोठ्या बीचं फळ लहान पक्ष्याच्या गळ्यात मावतच नाही. धनेश ते गिळतो, गर घेतो आणि बी लांब कुठेतरी ओकून टाकतो. रानजायफळाचं बी सुकलं की मरतं, वर्षभर डबीत ठेवून मग पेरू असं चालत नाही, ते ताजंच पोचलं पाहिजे, आणि आईच्या झाडापासून लांब पोचलं पाहिजे. म्हणजे पोखरलेला बेहडा "वाळका आहे, काय कामाचा" म्हणून कोणी तोडला तर धनेशाचं घर जातं, धनेश गेला की रानजायफळाचं बी हलत नाही, आणि हे सगळं इतकं हळू होतं की आपल्या लक्षात यायला एक पिढी जाते. रान बाहेरून तसंच हिरवं दिसत राहतं.

रानजायफळ बघायचंच असेल तर दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे. तिथे एका देवराईत मिरिस्टिका दलदल आहे, वर्षभर पाण्यात उभं असलेलं रानजायफळांचं जंगल. चिखलात हवा नसते म्हणून मुळं गुडघे वाकवल्यासारखी पाण्याबाहेर येतात आणि श्वास घेतात. असली दलदल भारतात फार थोड्या ठिकाणी उरलीय, बहुतेक केरळ-कर्नाटकात, गोव्यात सत्तरीत निरंकाराची राई आहे, आणि महाराष्ट्रात ही. सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलंय, पण त्याआधी कितीतरी पिढ्या ती गावाने देवाची म्हणून राखली. केवढीशी जागा आहे म्हणाल तर अडीच हेक्टरच्या आसपास. पण बघा, भोवती सुपारी आणि काजू झाले तरी ती उरली.

देवराईबद्दल मुलांना जरूर सांगा. नियम साधा, सुकी काटकीसुद्धा उचलायची नाही, आणि अगदीच गरज पडली तर देवाला कौल लावायचा. त्यामुळे तिथे मेलेलं झाड पण जागीच पडून कुजतं, पोखरलेलं झाड उभं राहतं, वेली कोणी तोडत नाही, म्हणजे वर सांगितलेली सगळी देवाणघेवाण चालू राहते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून हे जगापुढे मांडलं. महाराष्ट्रात दोन हजारांच्या वर देवराया नोंदल्या गेल्यात. आता मात्र जीर्णोद्धाराच्या नावाने राई तोडून सिमेंटचा सभामंडप, फरशी आणि पार्किंग होतंय, हे बघवत नाही. देव तोच आहे ना, मग त्याची राई का नको? गावातल्या मोठ्या माणसांशी याबद्दल बोललं पाहिजे, आणि मुलांनी विचारलं तर ते ऐकतात असा माझा अनुभव आहे.

मुलं हमखास विचारतात, आत्या, तोडली तर काय झालं, परत लावली की झालं ना? दोडामार्गला जाताना मी त्यांना रबराचे डोंगर दाखवते. हिरवे आहेत, झाडं आहेत, ओळीत आहेत. मग म्हणते पाच मिनिटं थांबा आणि किती पक्षी ऐकू येतात ते मोजा, आणि मग तेच मोजणं तिळारीच्या रानात करा. बाकी काही सांगावं लागत नाही. इथलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे, ज्याची जमीन आहे त्याला पैसे पण हवेत, मुलांची फी भरायचीय, त्याला व्हिलन करून चालणार नाही, हेही मी सांगते. कोकम, सुरंगी, शिकेकाई, मध, असं उभ्या जंगलातून उत्पन्न मिळालं तर तो कशाला तोडेल? कोकम तर जगात मूळचं फक्त पश्चिम घाटातलं. आणि सामाजिक वनीकरणात जी ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी लावली जाते ती धनेशाच्या कामाची नाही. लावायचंच असेल तर उंबर लावा, जांभूळ, बेहडा, कोकम, सातवीण, आपल्या गावातल्याच बिया घेऊन.

एक गोष्ट मात्र मुलांना चुकीची शिकवली जाते, की पर्जन्यवनं ही पृथ्वीची फुफ्फुसं, ती गेली तर आपला ऑक्सिजन संपेल. जुनं जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं जवळजवळ तेवढाच त्यातली झाडं, बुरशी आणि जिवाणू श्वासात वापरतात. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, तो असा संपत नाही. मुलांना खरं कारण सांगा, ते जास्त पटतं. खोडांत आणि मातीत कार्बन धरलेला असतो, तो जाळला की हवेत जातो. पाल्याचा थर पाऊस पिऊन घेतो आणि मग महिनोन्महिने ओढ्याला थोडाथोडा सोडतो, म्हणून एप्रिलमध्ये पण घाटाखालच्या विहिरीला पाणी असतं. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा थेट आंध्रापर्यंत जाते, त्या वाटेवरच्या शेतकऱ्याने सह्याद्री पाहिला पण नसेल.

कायद्याचं थोडक्यात. केंद्र सरकारने नेमलेल्या, याच माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये अख्खा पश्चिम घाट संवेदनशील मानून तीन पातळ्यांत वाटायला सांगितला, गावांना विचारून ठरवायला सांगितलं. त्यावर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील धरला. मग केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, २०२४ च्या जुलैमधला सहावा. त्याच २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीवर बंदी घातली, २०२० मध्ये तिळारी संवर्धन राखीव झालं, वाघ गोवा-कर्नाटकातून वर राधानगरीकडे याच वाटेने ये-जा करतात. आणि मुलांना हरल्याच्याच गोष्टी सांगू नका, केरळमधल्या सायलेंट व्हॅलीची सांगा, तिथे धरण होणार होतं, शिक्षक, कवी, विद्यार्थी, शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं बोलत राहिले, धरण रद्द झालं आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. आजही ते जंगल उभं आहे!

छोट्या जिवांकडे पण लक्ष द्यायला शिकवा. आंबोली टोड २००९ मध्ये नव्याने नोंदला गेला, अंगावर वाघासारखे पट्टे, जगात दुसरीकडे कुठे नाही, अतिसंकटग्रस्त. पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, उथळ डबक्यांत त्याची अंडी असतात, त्याच डबक्यात आपण बूट घालून फोटो काढतो. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातला छोटा मासा २०२० मध्ये शास्त्राला कळला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवळाचं एक कुंड, त्यात शॅम्पू टाकून आंघोळ करायची नाही, एवढंच मुलाला कळलं तरी मासा वाचतो.

मुलांना घेऊन यायचं असेल तर जूनचा शेवट किंवा सप्टेंबर बरा, शनिवार-रविवार टाळा. पहिल्या पावसात रात्री घाटात गाडी हळू चालवा, रस्त्यावर बेडूक असतात. बेडकाला हात लावू नका, तो कातडीतून श्वास घेतो आणि आपल्या हाताला क्रीम, डिओ काय काय लागलेलं असतं. जळवा लागल्या तर घाबरून ओढू नका, नखाने हळूच बाजूला सरकवा. खाऊ डब्यात आणा, माकडांना देऊ नका. आणि घरी गेल्यावर प्रत्येक मुलाने शाळेजवळचं एक झाड निवडावं, उंबर किंवा जांभूळ असेल तर उत्तम, दर आठवड्याला बघून लिहायचं, नवी पालवी आहे का, फुलं, कच्ची फळं, पिकलेली, आणि खायला कोण आलं होतं. सीझनवॉच म्हणून उपक्रम आहे, त्यात देशभरातल्या शाळा अशाच नोंदी पाठवतात आणि झाडांच्या वेळा बदलतायत का ते त्यातून कळतं. नाव नोंदवायचं नसेल तर साधी वही पण चालेल. तुमच्या मुलांनी कुठलं झाड घेतलं ते खाली कमेंटमध्ये लिहा, मला खरंच वाचायचंय.